चेहऱ्याला ॲसिड लावायचं? कोणतं, किती, आणि कुठे थांबायचं

आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा मोठा आहे. कारण या विषयावर जेवढे मेसेज आलेत, तेवढे आजवर कोणत्याच विषयावर आले नव्हते.

सुरुवात एका मेसेजपासून करते. मागच्या महिन्यात सालेकशाकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, लग्नाला वीस दिवस राहिले. गालावर पिंपल्सचे काळे डाग आहेत. मैत्रीण म्हणते ग्लायकोलिक लाव, व्हिडिओत सांगतात सॅलिसिलिक लावा, पार्लरवाली म्हणते पील करून टाक. मी कोणतं ॲसिड लावू? लवकर सांग जी."

तिला मी तेव्हा दोन ओळींत उत्तर दिलं होतं. ते काय होतं हे शेवटी सांगते, कारण नुसतं उत्तर ऐकून उपयोग नाही. ते तसं का दिलं हे कळलं पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. माझं डी.फार्म झालंय, गोंदियात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. रोज संध्याकाळी पाच-सहा जण तरी मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवून विचारतात, "हे आहे का?" त्या अनुभवातून बोलतेय. आणि दुसरा अनुभव माझ्या स्वतःच्या चेहऱ्याचा.

मावसबहिणीचं लग्न होतं, मे महिन्यातलं. मी ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर घेतला, दहा टक्क्यांचा. बाटलीवर लिहिलं होतं आठवड्यातून दोनदा. मी म्हटलं, दोनदा लावून एवढं होतं तर रोज लावून किती होईल! फेसवॉश सॅलिसिलिकवाला होताच. रविवारी वरून स्क्रब. पाचव्या दिवशी चेहरा असा चमकायला लागला की मीच स्वतःला आरशात पाहत बसले. नवव्या दिवशी साधं पाणी लागलं तरी चुरचुरायला लागलं. आणि मी दुपारी एक वाजता स्कूटीवर आमगावला जात होते, तोंडाला दुपट्टा, सनस्क्रीन नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, हे तुम्हाला मी काय सांगू.

दोन्ही गालांच्या हाडांवरची कातडी सोलली आणि खाली तपकिरी चट्टे राहिले. लग्नात प्रत्येक मावशी-काकू विचारत होती, "काय गं, भाजलं का?" ते चट्टे जायला दिवाळी उजाडली. गावात मंडई भरली तेव्हा कुठे मी फोटो काढू दिले. नऊ दिवसांची चूक, सहा महिन्यांची शिक्षा.

यात दोष ॲसिडचा नव्हता. ते कसं काम करतं हे मला माहीत असूनही मी घाई केली. म्हणून आज सगळं नीट, क्रमाने.

ॲसिड करतं काय?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. घराच्या कौलांसारखा, एकावर एक रचलेला. खालून नव्या पेशी तयार होत वर येतात, जुन्या गळून पडतात. तरुण वयात या फेरीला साधारण चार आठवडे लागतात. या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे धागे असतात. ग्लायकोलिक, लॅक्टिकसारखी ॲसिडं ते धागे सैल करतात, म्हणजे जुन्या पेशी लवकर सुटतात. त्वचा गुळगुळीत दिसते, डाग हळूहळू फिके होतात.

हे काही इन्स्टाग्रामने शोधलेलं नाही. १९७४ साली अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी ही ॲसिडं माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा होणाऱ्या आजारावर वापरून दाखवली होती. सौंदर्याच्या बाटलीत ती नंतर आली.

आता अडचण कुठे येते? तोच वरचा थर तुमचं कुंपण आहे. ओलावा आत धरतो, धूळ आणि जंतू बाहेर ठेवतो. थोडा सैल केला तर ठीक. रोज उपटत बसलात तर कुंपणच जातं. मग जळजळ, लाली, सूज. आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सूज आली की ती जाताना मागे रंग सोडून जाते. डासाने चावलेलं खाजवलं तरी आपल्याला महिनाभर काळा ठिपका राहतो ना? तेच. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या ॲसिडने जास्त जळजळ झाली तर तेच नवा डाग देऊन जातं. माझं तेच झालं.

कोणाला कोणतं?

एकेक घेऊ.

सॅलिसिलिक ॲसिड. हे तेलात विरघळतं, म्हणून तेलकट छिद्रांच्या आत शिरतं. नाकावरचे काळे ठिपके, कपाळावरचे बारीक दाणे, दाढी केल्यावर येणाऱ्या पुळ्या, यावर हे चांगलं. अर्धा ते दोन टक्के पुरे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, दोन्ही एकाच घराण्यातले. ज्यांची त्वचा कोरडी आहे, त्यांनी हे आधी निवडू नये.

ग्लायकोलिक ॲसिड. उसात सापडतं म्हणून प्रसिद्ध. या घराण्यातला सगळ्यात छोटा रेणू, म्हणून सगळ्यात भराभर आत जातो आणि सगळ्यात जास्त चुरचुरतो. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिली बाटली ही घेऊ नये असं माझं मत आहे. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मागणी हिलाच.

लॅक्टिक ॲसिड. दही आंबतं ते याच्यामुळे, आपली अंबील आंबते तीही याच्यामुळे. ग्लायकोलिकपेक्षा सौम्य, आणि त्वचेतला ओलावा धरून ठेवायला मदत करतं. कोरडी, निस्तेज त्वचा असेल तर पाच टक्क्यांपासून सुरुवात करायला हे बरं.

मँडेलिक ॲसिड. कडू बदामातून आलेलं. रेणू मोठा, ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून सावकाश आत जातो. आपल्या रंगाच्या त्वचेवर पिंपल्स आणि डाग दोन्ही असतील तर हा समंजस पर्याय आहे.

अझेलेइक ॲसिड. हे गहू, जवसारख्या धान्यांत असतं. पिंपल्सचे जंतू आणि सूज कमी करतं, आणि जिथे जास्त रंग तयार होतोय तिथेच तो आवरतं. दहा ते वीस टक्क्यांत मिळतं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं खाज येते, ती बहुतेकांची कमी होत जाते. गरोदरपणातही डॉक्टर हे देतात. डागांसाठी मला कोणी एकच नाव विचारलं तर मी हे सांगते. पण याची जाहिरात कमी, म्हणून कोणी मागत नाही.

आता दोन नावं अशी, ज्यांच्यात ॲसिड शब्द आहे पण काम वेगळं. हायलुरोनिक ॲसिड काहीच सोलत नाही, पाणी धरून ठेवतं, एवढंच. ओलसर चेहऱ्यावर लावा आणि वरून क्रीम लावा. आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे व्हिटॅमिन सी. ते उष्णतेने, उजेडाने खराब होतं. सीरम गडद तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, खिडकीत ठेवलेली बाटली टिकत नाही.

शेवटचं नाव ट्रेटिनॉइन, म्हणजेच रेटिनोइक ॲसिड. हे कॉस्मेटिक नाही, औषध आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि बाळ होणार असेल किंवा प्रयत्न चालू असतील तर लावायचंच नाही.

टक्के किती पाहायचे?

बाटलीवरचा टक्का म्हणजे अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे पीएच. तो जितका कमी, तितकं ॲसिड जास्त जोरात. ग्लायकोलिक-लॅक्टिकबद्दल अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी घातलेली मर्यादा अशी आहे: दहा टक्क्यांपर्यंत, आणि पीएच साडेतीनपेक्षा कमी नको. तीस टक्क्यांपर्यंतचं प्रशिक्षित हातांसाठी, थोडा वेळ लावून धुऊन टाकायचं.

मग ऑनलाइन तीस, पन्नास, सत्तर टक्क्यांच्या बाटल्या मिळतात त्या? जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोकांना सरळ इशारा दिला की असे तीव्र पील डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घरी वापरू नका, भाजतं, व्रण राहतात. बाटली स्वस्त आहे आणि घरपोच येते म्हणून ती घरी लावण्याजोगी होत नाही.

सुरुवात कशी करायची?

हे लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

पहिलं, एकच ॲसिड निवडा. दोन नाही.

दुसरं, लावून पाहा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, सलग तीन रात्री. लाल झालं, फोड आले तर ते तुमच्यासाठी नाही.

तिसरं, फक्त रात्री लावा. साध्या, फेस कमी करणाऱ्या फेसवॉशने तोंड धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या. ओल्या चेहऱ्यावर ते जास्त आत जातं आणि जास्त झोंबतं. मग पातळ थर, डोळे, नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून. वरून साधी मॉइश्चरायझर क्रीम.

चौथं, पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकदाच. सगळं ठीक असेल तर पुढचे चार आठवडे दोनदा. त्यानंतर वाटलं तर तीनदा. बहुतेकांना यापेक्षा जास्त लागतच नाही. अझेलेइक याला अपवाद, ते सवय झाल्यावर रोज चालतं.

पाचवं, धीर. त्वचेची एक फेरीच महिन्याची, तर निकाल दोन-तीन महिन्यांनी पाहायचा. रोपं लावल्यावर आठव्या दिवशी कोणी धान कापायला जातं का?

आणि काय एकत्र करायचं नाही? ज्या रात्री ॲसिड, त्या रात्री स्क्रब नाही, ट्रेटिनॉइन-रेटिनॉल नाही, बेन्झॉइल पेरॉक्साइड नाही. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीचच्या आधी पाच-सात दिवस ॲसिड बंद, नंतरही त्वचा शांत होईपर्यंत बंद. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. आणि फुटलेल्या, चिरलेल्या जागी कधीच नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्यावर सोलणारं मलम लावून आलेले लोक मी पाहिलेत. आधी ती जागा कोरडी ठेवा, डॉक्टरला दाखवा.

उन्हाचं काय?

ग्लायकोलिक-लॅक्टिकसारखी ॲसिडं लावल्यावर त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. ॲसिड बंद केल्यावरही आठवडाभर सांभाळायचं असतं. म्हणून माझा नियम साधा आहे. सनस्क्रीन परवडत नसेल तर ॲसिड घेऊ नका. दोन्हींत एकच परवडत असेल तर सनस्क्रीन घ्या. एसपीएफ तीस किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. डाग वाढू न देणं हे डाग घालवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मला कोणीतरी विचारलं होतं, "ताई, आम्ही दिवसभर शेतात असतो, आम्ही काय करायचं?" खरं सांगते. जुलैत सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोवणी असेल, घाम आणि चिखलाने सनस्क्रीन टिकत नसेल, तर त्या महिन्यात ॲसिडला सुट्टी द्या. डोक्याला दुपट्टा बांधा, वर रुंद काठाची टोपी घाला, रात्री तोंड धुऊन क्रीम लावा. दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, ऊन उतरल्यावर सुरू करा. चेहरा कुठे पळून जात नाही.

घरचं म्हणजे सुरक्षित का?

लिंबू. प्रत्येक घरातली आजी सांगते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच असतो, म्हणजे मी वर सांगितलेल्या साडेतीनच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरदार. शिवाय लिंबात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे ओघळ राहतात. खाण्याचा सोडाही नको, तो उलट्या टोकाचा, त्वचेचं थोडं आंबट असलेलं संतुलन बिघडवतो. लिंबू वरणावर पिळा.

आता काउंटरवरची सगळ्यात अवघड गोष्ट. "ती गोरं होण्याची ट्यूब द्या ना." या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून एकीचं पाहून दुसरी घेते. महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, नसा दिसायला लागतात, बारीक केस येतात, पुरळ येते. बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. मी नाही म्हटलं की लोक चिडतात, हे मला चालतं.

आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं, ती याहून वाईट. २०२३ मध्ये आपल्या विदर्भातली, अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींना किडनीचा त्रास सुरू झाला. एका ब्यूटिशियनकडून घेतलेली क्रीम तिघी लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंग तयार होणं थांबवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो, आणि त्वचेतून आत जाऊन किडनीला इजा करतो. आपल्या देशात क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण डबीवर कंपनीच नाही, तर मोजणार कोण?

म्हणून बाटली हातात घेतली की चार गोष्टी पाहा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि शेवटची तारीख, आणि घटकांची यादी. चारपैकी एक जरी नसली तर ठेवून द्या.

भाजलंच तर?

लगेच भरपूर साध्या थंड पाण्याने धुवा. सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. सगळी ॲसिडं, सीरम, स्क्रब बंद. साधी क्रीम किंवा व्हॅसलीन, आणि उन्हापासून दूर. फोड आले, डोळ्यात गेलं, किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर दवाखाना. गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे त्वचेच्या डॉक्टरची ओपीडी असते. लाजू नका, आणि जाताना लावलेली बाटली सोबत घेऊन जा. "क्रीम लावली होती" एवढं सांगितलं तर डॉक्टरला काही कळत नाही.

आता ते उत्तर

सालेकशाच्या त्या मुलीला मी लिहिलं होतं: "वीस दिवसांत कोणतंच नवीन ॲसिड सुरू करू नकोस, पील अजिबात नको. सनस्क्रीन, साधी क्रीम, आणि पिंपल्स फोडणं बंद. लग्नानंतर डॉक्टरला दाखवून अझेलेइक विचार."

तिला राग आला. तिने लिहिलं, "म्हणजे मी डाग घेऊनच उभी राहू?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. थोड्या वेळाने मी तिला माझा मावसबहिणीच्या लग्नातला फोटो पाठवला, तोच चट्ट्यांचा, जो मी कोणालाच दाखवत नाही. खाली लिहिलं, "डाग मेकअपखाली झाकतात बाई, सोललेली कातडी झाकत नाही."

लग्न झालं. परवा तिचा मेसेज आला, फोटोसकट. डाग आहेत, जवळून पाहिलं तर दिसतात. ती हसतेय. खाली लिहिलंय, "ताई, पुढच्या आठवड्यात पॅसेंजरने गोंदियाला येते, डॉक्टरची वेळ घेतली आहे. हे पण सोबत येत आहेत, त्यांनाही पिंपल्स आहेत."

तर मंडळी, एकच ॲसिड, कमी टक्के, रात्री, आठवड्यातून एकदा, आणि सकाळी सनस्क्रीन. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. तुमच्या घरात बिननावाची डबी असेल तर आज जाऊन तिची मागची बाजू वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, चेहऱ्याचा फोटो पाठवू नका, फोटो पाहून मी औषध सांगत नाही.

पुढच्या भागात केसांच्या तेलांबद्दल बोलू. तोवर उन्हात जपा. येते मी.